मावळातील जुनी वाट

पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी तळेगाव मागे टाकते आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात शिरते. येथपासून मावळाचे खरे रूप दिसू लागते. दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा हळूहळू जवळ येतात. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे पसरलेली असतात. कामशेत गेले म्हणजे डाव्या हातास विसापूर आणि लोहगड ही दुर्गांची जोडी उभी राहते. गाडी मळवली स्थानकात आली की उजव्या हातास, उत्तरेकडील डोंगरात, कार्ल्याची लेणी असतात. डाव्या हातास, विसापूरच्या अंगाला, भाज्याची लेणी असतात. त्याच डोंगराच्या पलीकडे, पवना नदीच्या खोऱ्याच्या बाजूस, बेडशाची लेणी आहेत. लोणावळा हे गावाचे नावसुद्धा ‘लेण्यांची ओळ’ यावरून पडले, असे पुष्कळ लोक सांगतात.

लेणी पाहावयास येणारे प्रवासी बहुधा दोन प्रश्न विचारतात. ती कोणी कोरली आणि ती केव्हा कोरली? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी देता येतात. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास प्रारंभ झाला, बेडशाची त्यानंतरची, आणि कार्ल्याचा भव्य चैत्य इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. परंतु तिसरा एक प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. ही लेणी येथेच का? सह्याद्रीत कातळाला काय तोटा? उत्तरेस तापीपासून दक्षिणेस कृष्णेपर्यंत आणि त्याच्याही पुढे काळ्या पत्थराचे डोंगर उभे आहेत. मग कारागिरांनी नेमकी हीच तीन ठिकाणे का निवडली?

या प्रश्नाचे उत्तर लेण्यांत बसून मिळत नाही. त्यासाठी बाहेर येऊन डोंगराकडे, पाण्याकडे आणि वाटांकडे पाहावे लागते. तसे पाहू गेल्यास लेण्यांहून कितीतरी जुन्या माणसांच्या खुणा पायांखाली सापडतात.

मावळाची भूमी ज्वालामुखीच्या रसापासून बनलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे भूमीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर वाहिला, पसरला आणि थंड झाला. काही काळाने पुन्हा वाहिला आणि पहिल्या थरावर दुसरा थर बसला. असे अनेक थर एकावर एक रचले गेले. काही थर कठीण, तर काही ठिसूळ. पुढे पावसाने व ओढ्यांनी हे थर झिजविले. ठिसूळ थर लवकर झिजले, कठीण थर उभे राहिले. त्यामुळे येथील डोंगर दुरून पाहिले असता पायऱ्या घातल्यासारखे दिसतात. उभा कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. गडावरील माची म्हणजे असाच एक पदर होय. पावसाचे पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपत खाली येते आणि खालचा घट्ट थर लागला म्हणजे तेथेच अडून कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडते. डोंगराच्या मध्यावर, पदराच्या पातळीवर, उन्हाळ्यातही पाणी टिकणारे झरे आढळतात, ते यामुळेच. लेण्यांच्या शेजारी कोरलेली पाण्याची टाकी ज्यांनी पाहिली असतील त्यांच्या ध्यानात येईल की, लेणी कोरणाऱ्यांना हे गुपित पुरते ठाऊक होते.

आता पावसाचा विचार करू. लोणावळ्यास पडणारा पाऊस पुण्याच्या पावसाच्या पाच-सहा पट असतो. ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे जावे तसतसे पाऊसमान झपाट्याने उतरते. पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरात भाताचा मुलूख संपून बाजरीचा मुलूख लागतो. ज्या काळी माणसापाशी लोखंडाची कुऱ्हाड नव्हती आणि नांगराचा फाळही नव्हता, त्या काळी हे खोरे कसे असेल याची कल्पना करावी. तळाशी चिखल, वेत-झुडपे आणि दाट रान. माथ्यावर चार महिने धुके, वारा आणि पावसाचा मारा. तळाशी राहणे कठीण, माथ्यावर राहणेही कठीण. उरतो तो मधला पदर. तेथे पाणी हाताशी, पायांखाली निचऱ्याची जमीन, रान विरळ आणि नजर दूरवर पोहोचणारी.

या मधल्या पदराचे महत्त्व ज्यांनी ओळखले, ते मूळचे इतिहासकार नव्हते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे अध्यापक. त्यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक होते. दामोदर कोसंबींचे शिक्षण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे गणित शिकविले आणि पुढे १९४६ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत. राहणे मात्र पुण्यास. त्यामुळे ‘डेक्कन क्वीन’ गाडीने मावळातून त्यांचे जाणे-येणे सतत घडे. इतर प्रवासी वर्तमानपत्र वाचीत किंवा डुलक्या घेत, त्या वेळी खिडकीबाहेरचा हा प्रदेश त्यांच्या डोळ्यांसमोरून किती वेळा सरकला असेल, याची गणतीच नाही.

गणितज्ञ माणसाला जुन्या दगडांचे वेड कसे लागले? त्याची सुरुवात नाण्यांपासून झाली. नाणे हातोहात फिरते, तसे ते कणाकणाने झिजते. पुष्कळ जुनी नाणी अचूक तोलून त्यांच्या वजनांची गणिती तपासणी केली, तर कोणती नाणी अधिक काळ वापरात होती हे सांगता येईल, असा विचार कोसंबींनी केला आणि प्राचीन नाण्यांच्या ढिगांवर तो लावून पाहिला. ज्यांवर राजाचे नावही नाही अशा नाण्यांना त्यांनी अशा रीतीने बोलते केले. हीच दृष्टी त्यांनी पुढे भूमीकडे वळविली. ग्रंथांत ज्यांचे नाव नाही, ज्यांनी एकही लेख कोरला नाही, अशा माणसांचा इतिहास शोधावयाचा तर त्यांच्या पायवाटा तुडविल्या पाहिजेत, असे त्यांचे मत होते. सुट्टीच्या दिवशी ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, गावे, देवस्थाने यांतून पायी हिंडत. गुराखी, धनगर, वाटेवरचे शेतकरी यांना प्रश्न विचारीत. आणि चालताना त्यांची नजर सारखी जमिनीकडे असे.

जमिनीवर त्यांना काय दिसत असे? बारीक दगडी चिपा. काही नखाएवढ्या, काही बोटाच्या पेराएवढ्या. काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत कॅल्सिडोनी, अकीक यांसारखे चकचकीत, काचेसारखे फुटणारे दगड तयार होतात. अशा दगडावर नेमका आघात केला म्हणजे त्याची पातळ, धारदार चीप निघते. अश्मयुगातील माणूस अशा चिपा हाडाच्या अथवा लाकडाच्या खाचेत एका ओळीत डिंकाने चिकटवी. त्यांपासून त्याला सुरी मिळे, विळा मिळे, बाणाचे टोक मिळे. एखादी चीप तुटली तर तेवढीच काढून दुसरी बसवावयाची. पुरातत्त्वाच्या अभ्यासात यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. आपल्या देशात त्यांचा वापर दहा हजार वर्षांपूर्वीही होता आणि तांबे-लोखंड आल्यानंतरही तो पुष्कळ दिवस चालू राहिला. अजाण माणसाला ती साधी खडी वाटेल. परंतु जाणत्याला आघाताची खूण दिसते, कडेने काढलेल्या बारीक टवक्यांची रांग दिसते आणि हा दगड आपोआप फुटलेला नसून कोणा माणसाने तो फोडलेला आहे, हे कळते.

अशा चिपांनी पेट्या भरणे हे काही कोसंबींचे वैशिष्ट्य नव्हे. तसे संग्राहक पुष्कळ असतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की, चीप कोठे सापडली याकडे ते चिपेइतकेच लक्ष देत. आणि ती ठिकाणे एकत्र मांडल्यावर त्यांना एक गोष्ट आढळून आली. सूक्ष्मास्त्रे सगळीकडे सारखी विखुरलेली नव्हती. ती बहुतांशी डोंगराच्या उतारावर, पदराच्या पातळीवर, जुन्या वाटांच्या कडेने, पट्ट्यापट्ट्यांनी सापडत. जणू कोणी दाण्यांनी भरलेले फाटके पोते घेऊन चालत गेले असावे आणि त्याच्या मागे दाण्यांची रेघ पडत जावी.

ही माणसे एका जागी घर करून राहणारी नव्हती, ती ऋतूप्रमाणे फिरणारी होती, असे कोसंबींनी अनुमान केले. याला आधार म्हणून त्यांनी आजच्या धनगरांकडे बोट दाखविले. धनगर पावसाळ्यात आपली मेंढरे पूर्वेकडील कोरड्या माळांवर ठेवतो, कारण मावळच्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. पाऊस सरला आणि पूर्वेकडील गवत संपू लागले म्हणजे तो पश्चिमेस येतो. वाटेत शेतकरी त्याचा कळप आपल्या शेतात रात्री बसवितात आणि खताच्या मोबदल्यात त्याला धान्य देतात. ही ये-जा पाऊसमान ठरविते. ती कोणा राजाने ठरविलेली नाही. पाऊसमान हजारो वर्षे साधारण तसेच असेल, तर ती ये-जाही तितकीच जुनी असणे शक्य आहे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट कोसंबींना आढळली. मेंढरांवरील एका विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी काही धनगर त्यांच्या काळीही लोखंडी चाकू वापरीत नसत. ते चकाकता दगड फोडून त्याची ताजी चीप काढीत. चाकूची जखम चिघळते, दगडाची चिघळत नाही, असे ते सांगत. अश्मयुगाचे हत्यार विसाव्या शतकात, आगगाडीच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, अजून कामात होते!

पहिल्या शेतकऱ्यांची वस्ती कोठे झाली हे पाहिले म्हणजेही या विचाराला पुष्टी मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे उत्खनन केले. तेथे घोड नदीच्या काठी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे खेडे सापडले. घरे, चुली, धान्याच्या कणग्या, पुरलेली माणसे, सारे काही. ते खेडे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, कमी पावसाच्या भागात आहे. लोखंड हाती नसलेल्या शेतकऱ्याने मावळाच्या रानात शिरण्याऐवजी तो कोरडा, मोकळा मुलूख पसंत केला, यात नवल नाही.

चिपांच्या जोडीला कोसंबींनी दुसऱ्या एका दगडाकडे लक्ष दिले. हा दगड प्रत्येक मराठी मुलाने पाहिलेला आहे. गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या काठी, खिंडीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एखादा अनघड धोंडा असतो. त्याला ना नाक, ना डोळे. कोणी त्याला म्हसोबा म्हणतात, कोणी वेताळ, कोणी एखाद्या आईचे नाव घेतात. असे अनेक देव गावात नसतात. ते गावापासून दूर, जेथे आज कोणाचे काम पडत नाही अशा ठिकाणी असतात. गावकरी तेथे वर्षातून एकदा जातात आणि नारळ फोडून परत येतात. गाव येथे, मग देव तेथे का? कोसंबींचे उत्तर असे होते की, देव आपल्या जागी आहे, गाव मागाहून दुसरीकडे वसले. या आयांच्या जागा जुन्या वाटा जेथे एकमेकींना मिळत तेथे आहेत. निरनिराळ्या टोळ्या तेथे भेटत, वस्तूंची देवघेव करीत आणि एकत्र पूजा करीत. अशा चव्हाट्यांवरील मातृदेवतांविषयी त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात आहेत. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील महापाषाणांसंबंधी त्यांचा लेख ‘मॅन’ या इंग्लंडमधील मानवशास्त्राच्या नियतकालिकात आला.

मावळात पाण्याकाठी पूजल्या जाणाऱ्या देवतांना ‘मावलाया’ असे म्हणतात. त्या एकट्या नसतात, त्यांचा समूह असतो. कार्ल्याच्या लेण्यांतील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका लेखात या प्रदेशाचे नाव ‘मामाल’ असे कोरलेले आहे. आजचे ‘मावळ’ ते हेच. मावळ या नावाचे मूळ या मावल्यांच्या पूजेत असावे, असे कोसंबींनी सुचविले. हे अनुमान सर्वांना मान्य होईलच असे नाही. मावळतीकडचा प्रदेश म्हणून मावळ, अशीही व्युत्पत्ती सांगितली जाते. परंतु ज्या नावाने शिवाजी महाराजांचे मावळे ओळखले गेले ते नाव सातवाहनांच्या काळीच दगडावर कोरले गेले होते, एवढे तरी निश्चित.

पंढरीच्या वारीविषयीही त्यांनी असाच विचार मांडला. आळंदीहून पंढरपुराकडे पालखी ज्या वाटेने जाते, त्या वाटेवरील मुक्कामांच्या परिसरात त्यांना सूक्ष्मास्त्रे मिळाली. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडून पूर्वेकडील कोरड्या मुलखात जाणारी ही वाट संतांच्या आधीपासून, अश्मयुगातील माणसांच्या पायांनी पडलेली असावी, असे त्यांना वाटले. ज्ञानेश्वर-तुकारामांनी त्या वाटेला जो अर्थ दिला तो यामुळे उणा होत नाही. उलट, एवढ्या जुन्या वाटेवर आपण चालतो आहोत हे कळल्यावर वारकऱ्याला अभिमानच वाटेल.

आता लेण्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. कल्याण आणि सोपारा ही कोकणची प्राचीन बंदरे. तेथे परदेशची गलबते लागत. त्यांतील माल बैलांच्या पाठीवर लादून देशावर आणावयाचा तर सह्याद्रीची भिंत चढणे भाग होते. व्यापाऱ्यांचे तांडे उल्हास नदीच्या खोऱ्याने घाटाच्या पायथ्याशी येत आणि बोरघाटाच्या परिसरातील वाटांनी वर चढत. कोकणच्या बाजूस राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. वर आल्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ले आणि भाजे समोरासमोर. खिंड ओलांडून पवनेकडे वळावे तर बेडसे. खोऱ्याने सरळ पूर्वेस जावे तर तळेगावाजवळ शेलारवाडीची लेणी. हा क्रम नकाशावर मांडून पाहावा, म्हणजे वाट आपोआप उमटते. नवी वाट पाडण्याचे व्यापाऱ्यांना कारणच नव्हते. कोठे पाणी मिळते, कोणती सोंड उतरावयास सोपी, कोणती खिंड पावसाळ्यातही खुली राहते, हे अश्मयुगातील माणसांनी आणि गुराख्यांनी केव्हाच शोधून ठेवले होते.

भिक्षूही त्याच वाटेने आले. बौद्ध भिक्षूंनी आठ महिने हिंडावे आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहावे, असा नियम होता. या मुक्कामाला वर्षावास म्हणतात. कार्ल्याला त्या काळी वलूरक म्हणत. नहपान राजाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या लेण्यांत पावसाळी मुक्काम करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी एक गाव दान दिल्याचा लेख तेथील भिंतीवर आहे. जेथे लोक भेटतात तेथे उपदेश करावा, जेथे वाट आहे तेथे भिक्षा मिळते आणि जेथे पदराला झरा आहे तेथे पावसाळा काढता येतो. वाट, लोक, पाणी आणि कठीण कातळ या चारही गोष्टी एकत्र असलेली ठिकाणे मावळात पुष्कळ नाहीत.

ही लेणी वाटेवरची आहेत याची साक्ष दात्यांची नावेच देतात. कार्ल्याच्या चैत्याची लांबी सुमारे १२४ फूट आणि रुंदी सुमारे ४५ फूट आहे. एवढे काम एका गावाच्या पैशाने होणारे नव्हे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील आजची बनवासी. तेथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचा लेख प्रवेशमंडपात आहे आणि जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही, असा अभिमान त्याने त्यात प्रकट केला आहे. एका खांबावर सोपाऱ्याच्या भिक्षूचे नाव आहे. धेनुकाकट या गावच्या यवनांनी खांब दिले; तेथल्याच एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याने आणि सामी नावाच्या सुताराने प्रवेशद्वाराच्या कामाला हातभार लावला. राजाचा जावई आणि सुतार यांची नावे एकाच इमारतीवर वाचावयास मिळणे, ही गोष्ट इतिहासात वारंवार घडत नाही. शेलारवाडीच्या एका लेखात तर एका नांगरधारी कुणब्याच्या पत्नीने केलेल्या दानाची नोंद आहे. खोऱ्याच्या तळाशी तोपर्यंत नांगर फिरू लागला होता, याचा हा दगडावरचा पुरावा होय.

कार्ल्याच्या चैत्यापुढे सिंहस्तंभ आहे. तो डाव्या बाजूस. त्याच्या जोडीचा उजवीकडील स्तंभ आज नाही. त्याच्या जागी एकवीरा आईचे देऊळ आहे. चैत्री यात्रेस मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधव हजारोंनी घाट चढून तेथे येतात. समुद्रावर जगणाऱ्या लोकांची कुलदेवता घाटमाथ्यावरच्या डोंगरात का असावी? वाटेचा विचार केल्यावाचून हे कोडे सुटत नाही. आई आधीची की चैत्य आधीचा, हाही प्रश्न निघतो. आजचे देऊळ अर्थातच चैत्याहून पुष्कळ अलीकडचे आहे. परंतु देवीची पूजा त्या जागी लेण्यांच्याही आधीपासून असावी आणि त्या पूजेसाठी जमणाऱ्या लोकांमुळेच भिक्षू तेथे आले असावेत, असे कोसंबींचे म्हणणे. बेडशाच्या लेण्यातही यमाई देवीची पूजा होते.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. चिपेवर तारीख लिहिलेली नसते. शेंदराच्या दगडावरही नसते. एखाद्या देवळाजवळ अश्मयुगाची हत्यारे सापडली, एवढ्यावरून त्या देवीची पूजा अश्मयुगापासून अखंड चालत आली, असे सिद्ध होत नाही. चांगली जागा सर्वांनाच आवडते; दोन निरनिराळ्या काळांतील माणसे एकमेकांविषयी काहीही न जाणता एकाच झऱ्यापाशी मुक्काम करू शकतात. दगड हलतातही. पुराने हलतात, नांगराने हलतात आणि नव्या देवळात नेऊनही बसविले जातात. म्हणून कोसंबींच्या निष्कर्षांपैकी काही पक्के मानावे आणि काही अद्याप तपासावयाचे आहेत, असे समजावे. माणसे पदराच्या वाटेने चालली, हे पक्के. लेणी त्या वाटांवर आहेत, हेही पक्के. देवता तितकीच जुनी, हे संभाव्य आहे, एवढेच म्हणता येईल.

दगडाचा अर्थ त्याच्या जागेत शोधण्याची ही रीत इतरत्रही उपयोगी पडली आहे. नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे वर्तुळात मांडून त्यांच्या आत मृतांना पुरलेले असे. त्यांच्याबरोबर लोखंडी हत्यारे आणि मातीची भांडीही ठेवीत. ती वर्तुळे सुपीक शेतजमिनीत नाहीत, खडकाळ माळावर आहेत. जिवंतांसाठी काळी माती आणि मृतांसाठी माळ, अशी वाटणी त्या लोकांनी केली असावी. इंग्लंडमधील स्टोनहेंज हे प्रसिद्ध शिलावर्तुळ शतकानुशतके नुसते एक आश्चर्य म्हणून पाहिले जाई. भोवतालच्या भूमीची पाहणी झाली तेव्हा त्या वर्तुळाकडे नदीकडून येणारा एक आखीव मार्ग आहे, हे स्पष्ट झाले आणि तेथे माणसे कशी व कोठून येत असतील, याचा विचार सुरू झाला.

मावळात मात्र ही भूमी झपाट्याने बदलत आहे. टाटांच्या वीजयोजनेसाठी लोणावळ्याच्या परिसरात धरणे झाली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजगृह चालू झाले. १९२२ साली आंद्रा नदीच्या खोऱ्यातील योजनाही सुरू झाली. कोसंबींचे निधन १९६६ साली झाले. त्यानंतर पवनेच्या खोऱ्यात मोठे धरण बांधले गेले आणि आज तुंग आणि तिकोना हे गड पाण्यात आपले प्रतिबिंब पाहतात. या धरणांनी लाखो लोकांच्या घरी दिवे लावले, पाणी पोहोचविले. पण खोऱ्यांचा तळ पाण्याखाली गेला, तो गेलाच.

पदराचे नशीब वेगळे. हजारो वर्षे माणसे त्याच पातळीवरून चालली; मग लोखंडी फाळाने तळाचे रान मोडले, शेते झाली, गावे खाली उतरली. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, तीही खोऱ्याच्या तळानेच धावली. द्रुतगती महामार्ग झाला, तोही तळानेच. पदर मागे राहिला, गुरांपुरता आणि धनगरांपुरता. त्यावरच्या चिपा जेथल्या तेथे राहिल्या, त्या याच कारणाने. आता लोणावळ्याच्या आणि कामशेतच्या आसपास बंगल्यांच्या वसाहती उतार चढू लागल्या आहेत. जमीन सपाट करणारे यंत्र एका दुपारी जेवढी माती उकरते, तेवढ्या मातीत एखाद्या मुक्कामाची सारी खूण असू शकते. लेण्यांना कायद्याचे संरक्षण आहे. त्यांच्या भोवती कुंपण आहे, फलक आहेत, पहारेकरी आहेत. उतारावरच्या चिपेला कोणी पहारेकरी नाही.

पहिला वळीव पडून गेला म्हणजे माती धुऊन निघते आणि उतारावरच्या पायवाटेवर या चिपा उन्हात चमकतात. त्या वेळी त्या ओळखणे सर्वांत सोपे. अभ्यासक त्या लगेच उचलीत नाहीत. आधी ते जागा लिहून घेतात: कोणत्या गावची शीव, कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठावर, तळापासून किती उंचीवर, जवळचा झरा किती पावलांवर, शेजारी शेंदराचा दगड आहे की नाही. एवढी नोंद झाल्यावरच चीप पिशवीत जाते आणि पिशवीवर नोंदीचा क्रमांक पडतो. क्रमांकाची चिठ्ठी गळून पडलेली एखादी चीप संग्रहात राहिली, तर ती मावळातली की आळंदीची, उतारावरची की नदीकाठची, हे मोठ्यातल्या मोठ्या जाणकारालाही सांगता येत नाही.